दहा दिवसांची परदेशी मिशन यात्रा: तरुणांना पाठवावं, की पैसे पाठवावेत?

दगडी चर्च
सर्वांना सलाम. तरुण संघाच्या बैठकांत हल्ली परदेशी मिशन यात्रेचा विषय निघतो, म्हणून हा धागा. अमेरिकेत आणि दक्षिण कोरियात ही पद्धत जुनी आहे. सोळा ते पंचवीस वयाची पंधरा-वीस मुलं दहा-बारा दिवस परदेशात जातात, तिथल्या मंडळीत (चर्चमध्ये) उतरतात, एखादी भिंत बांधतात, लहान मुलांची बायबल शाळा घेतात आणि परततात. आपल्याकडे पहिलं नाव नेपाळचं येतं, कारण व्हिसा लागत नाही.

माझं मत विरोधात आहे. मध्य अमेरिकेतल्या होंडुरासचं उदाहरण घ्या. 1998 च्या ऑक्टोबरअखेरीस मिच चक्रीवादळाने तिथली गावंच्या गावं वाहून गेली. उत्तर अमेरिकेतल्या मंडळ्यांचे संघ घरं बांधायला गेले, आणि एक स्थानिक ख्रिस्ती संस्थाही घरं बांधत होती. कर्ट व्हेर बीक या अभ्यासकाने दोन्हींची तुलना केली. विमानभाडं धरून पाहुण्यांचं घर सरासरी तीस हजार डॉलरला पडलं, स्थानिक संस्थेचं दोन हजारांत झालं. घर मिळालेल्या कुटुंबांच्या आयुष्यात मात्र म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. पाहुण्यांनी बांधलं म्हणून कोणी जास्त सुखी झालं नाही, की मंडळीला जास्त जवळचं झालं नाही. एका घराच्या पैशात पंधरा घरं झाली असती. हा हिशोब वाचल्यावर पोरांना पाठवायला मन धजत नाही.

अंत्युखियाकर
दादा, आकडे खरे आहेत, पण त्यात एक गृहीत लपलंय: मुलं गेली नाहीत तर तेच पैसे होंडुरासला पोचतील. तसं होत नाही. मावशी पुतणीच्या प्रवासासाठी दोन हजार काढून देते. तीच मावशी अनोळखी गावातल्या छपरासाठी शंभराची नोट देईल. यात्रा रद्द झाली तर बहुतेक पैसा घरातच राहतो.

आणि पाठवणं हे मंडळीचं मूळ काम आहे. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात अंत्युखियाच्या मंडळीने उपास-प्रार्थना करून, हात ठेवून बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांना रवाना केलं. चौदाव्याच्या शेवटी दोघं परत येऊन मंडळी जमवतात आणि काय काय घडलं ते सांगतात. जाणं, परतणं, सांगणं हे तिन्ही त्यात आलं. पौल थेस्सलनीकात सभास्थानात तीन शब्बाथ बोलला आणि तेवढ्यावर मंडळी उभी राहिली. थोडे दिवस म्हणजे वाया, असं शास्त्र म्हणत नाही.

दगडी चर्च
थेस्सलनीका सोडावं लागलं ते दंगल उसळली म्हणून, परतीचं तिकीट काढलेलं होतं म्हणून नव्हे. तोच पौल करिंथात दीड वर्ष राहिला, इफिसात तीन वर्षं. त्याला ग्रीक येत होतं, सभास्थानाची रीत ठाऊक होती. आपल्या मुलांना नेपाळीतलं काय येतं? लिपी एकच आहे म्हणून पाटी वाचता येते, पण आजीबाई रडत काय सांगतेय ते कळत नाही. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले आणि 1826 मध्ये पटकीने जाईपर्यंत मराठी मुलखातच राहिले. भाषा शिकले, नव्या कराराच्या मराठी भाषांतरासाठी खपले. ज्या मंडळ्यांचा पाया असा घातला गेला, त्यांनीच दहा दिवसांना मिशन म्हणावं याचं वाईट वाटतं.

ओळंबा
शास्त्रावर मी बोलत नाही, बांधकामावर बोलतो. यात्रेत सगळ्यात जास्त नासतं ते तेच.

पोकळ सिमेंट ब्लॉकची भिंत सोपी दिसते, पण नवख्या हातांकडून तीन गोष्टी हमखास चुकतात. पहिली पाण्याची. हाताने माल कालवताना फावडं जड लागतं, म्हणून मुलं पाणी वाढवतात. गरजेपेक्षा जास्त पाणी गेलं की माल सरसर पसरतो, दिसायला छान दिसतो आणि सुकल्यावर नखाने खरवडला जातो. दुसरी वेळेची. सगळे मिळून उत्साहाने मोठा गारा करतात, मग फोटो, चहा, गाणं. तासा-दीड तासाने माल आवळायला लागतो तेव्हा त्यावर तांब्या ओतून पुन्हा कालवतात. सिमेंटची धरलेली पकड तिथेच तुटते. तिसरी उंचीची. दिवसात चार-साडेचार फुटांवर जाऊ नये, कारण खालचा ओला सांधा वरच्या वजनाने दबतो आणि भिंत पोट काढते. मुलांना मात्र निघण्याआधी छताची पातळी गाठायची असते. मग संध्याकाळी पाहुणे भजनाला बसले की गावचा गवंडी ओळंबा सोडून बघतो, वरचे तीन-चार थर उतरवतो आणि पुन्हा लावतो. दुसऱ्या दिवशी त्याविषयी कोणी बोलत नाही, कारण पाहुण्यांचं मन मोडायचं नसतं.

एका खोलीला दोन गवंडी आणि चार-पाच बिगारी भरपूर होतात. पंधरा पोरं नेली तर दहा उभी राहतात. आणि ती चार-पाच बिगाऱ्यांची मजुरी गावातच राहिली असती, हे विसरू नका.

नेलंच तर कामाची वाटणी उलटी करा. भिंतीला गवंडी, मुलांकडे शोषखड्डा खणणं, वाळू चाळणं, ब्लॉक वाहून आणणं आणि सकाळ-संध्याकाळ भिंतीवर पाणी मारणं. ते निदान सात दिवस हवं आणि नेमकं तेच टाळलं जातं, कारण पाणी मारतानाचा फोटो कोणाला नको असतो. ज्या कामात पाहुणे सगळ्यात कमी दिसतात, त्यातच त्यांचा उपयोग सगळ्यात जास्त होतो.

अंत्युखियाकर
हे छापून प्रत्येक तरुण संघाच्या फलकावर लावावं असं आहे. पण यातून "नेऊ नका" निघत नाही, "शिकवून न्या" निघतं.

पाळणाघर
बांधकाम चुकलं तर भिंत पाडता येते. मुलांच्या बाबतीत तसं नसतं, म्हणून या मुद्द्यावर मी कडक आहे.

यात्रेच्या कार्यक्रमात "अनाथाश्रमाला भेट" असेल तर ती ओळ खोडा. जगभरात अशा आश्रमांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. गरिबीमुळे, शाळेच्या आशेने मुलं तिथे ठेवली जातात. पाहुणे आणि देणग्या येत राहिल्या की आश्रमाला मुलं लागतात, आणि मग ती गावांतून आणली जातात. नेपाळात 2015 च्या भूकंपानंतर हा धोका फार वाढला होता. 2019 च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने बालहक्कांच्या ठरावात अनाथाश्रमांतल्या स्वयंसेवी पर्यटनाच्या हानीचा उल्लेख केला, तो उगाच नाही.

हेतू चांगला असून काय होतं त्याचं उदाहरण हैतीचं. 2010 च्या जानेवारीत तिथे भूकंप झाला. महिनाअखेरीस आयडाहोच्या बाप्टिस्ट मंडळ्यांशी जोडलेले दहा अमेरिकन 33 मुलांना बसमधून डोमिनिकन प्रजासत्ताकात नेताना सीमेवर पकडले गेले. कागद नव्हते. नंतर कळलं की त्यांतल्या बहुतेक मुलांचे आईबाप जिवंत होते.

रोजच्या वागण्यात पाहा. चार वर्षांचं मूल पहिल्याच दिवशी अनोळखी ताईच्या कमरेला मिठी मारतं आणि सोडत नाही. मुली घरी येऊन हे प्रेम म्हणून सांगतात. खरं तर दर महिन्याला नवी माणसं येतात आणि जातात, म्हणून ते मूल समोर येईल त्याला धरायला शिकलेलं असतं. दहाव्या दिवशी त्याची बोटं सोडवून बसमध्ये बसणं हा त्याच्यावर आणखी एक घाव आहे.

बायबल शाळा घ्यायचीच असेल तर शिक्षक तिथल्या संडे स्कूलचे असावेत. आपल्या मुलांनी चटया घालाव्यात, कागद कापावेत, गाण्याला टाळ्या द्याव्यात. एक मोठा आणि एक मूल असं दाराआड कधीच नको. मुलांचे फोटो नकोतच.

दगडी चर्च
पाळणाघर ताई, तुमच्या अटी पाळल्या तर यात्रेत उरतं काय? खड्डा खणणं आणि चटया घालणं. त्यासाठी सीमा ओलांडायची?

अंत्युखियाकर
होय, त्यासाठीच. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभूने सत्तर जणांना धाडलं तेव्हा थैली नको, झोळी नको, आणि ज्या घरात उतराल तिथेच राहून पुढे येईल ते खा, असं बजावलं. जाणारा रिकाम्या हाताने गेला, यजमानाच्या आधाराने राहिला. वीस वर्षांच्या मुलाला दुसऱ्याच्या घरी ढिंडो (पिठाचा घट्ट शिजवलेला नेपाळी पदार्थ) खाऊन, त्याच्या गवंड्याच्या हाताखाली राबायला लागणं यापेक्षा मोठं शिक्षण मला ठाऊक नाही. आपली मुलं वर्गात, घरात, मंडळीत सगळीकडे सांगणाऱ्याच्या जागी बसायला शिकतात. ऐकणाऱ्याची जागा त्यांना कोण देणार?

दगडी चर्च
मग त्याला प्रशिक्षण म्हणा आणि खर्च प्रशिक्षणाच्या खात्यात दाखवा. मिशन फंडाच्या पावत्या फाडू नका. आणि त्या शिक्षणाचाही फार भरवसा धरू नका. होंडुरासच्याच अभ्यासात परत आलेल्यांना विचारलं होतं: दान, प्रार्थना, राहणीमान यांत किती फरक पडला? मोठा आणि टिकाऊ बदल थोड्यांनाच सांगता आला.

सीमेपलीकडे
कायद्याचं कोणी बोललं नाही, म्हणून लिहिते. नेपाळात व्हिसा लागत नाही याचा अर्थ तिथे काहीही चालतं असा नाही. तिथली नवी फौजदारी संहिता 2018 च्या ऑगस्टपासून लागू आहे. तिच्या कलम 158 नुसार धर्मांतर करवणं किंवा त्यासाठी चिथावणं हा गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड, आणि आरोपी परदेशी असेल तर शिक्षा भोगल्यावर सात दिवसांत हकालपट्टी. रस्त्यात पत्रकं वाटणं किंवा वही-पेन्सिलच्या पिशवीत सुवार्तेची पुस्तिका सरकवणं यावरून गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. आपण बस पकडून परत येतो. पोलीस दुसऱ्या दिवशी येतात ते तिथल्या पाळकाच्या (पास्टरच्या) दारात.

कोरियाने हा धडा फार महागात घेतला. 2007 च्या जुलैमध्ये सेममुल मंडळीचे 23 जण अफगाणिस्तानात काबूलहून कंदाहारला बसने जाताना तालिबानच्या हाती सापडले. दोघांना मारलं, बाकीच्या 21 जणांची सुटका ऑगस्टअखेरीपर्यंत लांबली. त्यासाठी कोरियन सरकारला सैन्य मागे घेण्याचं आणि तिथलं मिशन काम थांबवण्याचं कबूल करावं लागलं. आधीपासून तिथे शांतपणे दवाखाने आणि शाळा चालवणाऱ्यांचं कामही त्यात अडकलं.

कागदपत्रांत चूक होते ती आधार कार्डावर. पंधरा ते पासष्ट वयाच्या भारतीयाला नेपाळसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधार चालत नाही. पंधरा ते अठरा वयाच्या मुलाला ठरावीक नमुन्यातलं मुख्याध्यापकांचं प्रमाणपत्र चालतं, पण परीक्षा संपून शाळा बंद झाली की सही मिळत नाही. फेब्रुवारीतच घ्या. आईवडिलांचं संमतीपत्र वेगळं.

तारखाही आपल्या सुट्टीवरून ठरवू नका. आपल्या मुलांना मे महिना मोकळा असतो, पण नेपाळात शाळेचं वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होतं. मेमध्ये तिथली मुलं वर्गात असतात. जून-जुलैत भाताची लावणी आणि दरडी. उपासना तिथे शनिवारी असते, कारण सुट्टी शनिवारची. रविवार धरून कार्यक्रम आखणारे संघ नेमकी उपासना चुकवतात.

ओळंबा
आरोग्य शिबिराचाही विचार नेमका याच अंगाने करा. परदेशी डॉक्टरला नेपाळ मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते. आणि रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभराच्या देऊन निघून आलं तर एकतिसाव्या दिवशी त्या बाईने काय करायचं? त्यापेक्षा तिथल्या आरोग्य चौकीला विचारून तिच्याच यादीतलं साहित्य तिथेच विकत घेऊन द्या.

दगडी चर्च
सगळं वाचून माझं म्हणणं थोडं बदलतो. पंधरा जणांऐवजी दोघं किंवा तिघं पाठवा, पण तीन महिने. आधी सहा महिने नेपाळी शिकू दे. पंधरा जणांचा खर्च माणशी चाळीस हजार धरला तर सहा लाख होतात. तिघांचे तीन महिने त्यातल्या दीड-दोन लाखांत निघतील. उरलेले यजमान मंडळी सांगेल त्या कामाला.

अंत्युखियाकर
तीन महिने कोणाला जमतं? कॉलेजची हजेरी, नोकरीचा पहिला वर्षभराचा काळ, आणि मुलीला तीन महिने पाठवायला घरून होकार मिळणं अवघड. तुमची अट ठेवली तर ज्याच्या घरी सवड आणि पैसा आहे तोच जाईल, आणि गरीब मंडळीतला मुलगा नेहमीच वर्गणी देणाऱ्यांत राहील. मी म्हणतो सहा जण, बारा दिवस, आणि तीन वर्षं त्याच गावात. दर वर्षी निदान दोन चेहरे जुने हवेत.

पाळणाघर
तीन वर्षांचं तिथल्या पाळकाला विचारलंय का? आधी पत्र जाऊ दे, तेही आपल्या कार्यक्रमाची यादी न जोडता. चारच प्रश्न पुरेत: आम्ही यावं का, कोणत्या आठवड्यात कोणाला अडचण होणार नाही, किती माणसं झोपू शकतील, आणि कोणत्या कामाला हात कमी पडतात. आमंत्रण त्यांच्याकडून लेखी येईपर्यंत तिकिटं नकोत. उत्तराला दीड-दोन महिने द्या. घाईने विचारलं तर सभ्यपणे "या" असंच येतं.

दगडी चर्च
मान्य. माझी एक भर. त्या पत्राला "यंदा नको" असं उत्तर आलं तर जमलेल्या पैशांचं काय करायचं, हे वर्गणी सुरू होण्याआधी ठरवा आणि ते वाक्य पावतीवर छापा.