सरकारी रोजगार योजना: अर्ज केल्यानंतर नेमकं कुठे अडतं? (अनुभव धागा)

पात्रता, रक्कम, शेवटची तारीख ही माहिती कुठेही वाचायला मिळते. अर्ज भरल्यापासून खात्यात पैसे जमा होईपर्यंत काय काय होतं, ते मात्र फारसं कुणी लिहीत नाही, आणि मुलं तिथेच खचतात. बँक, सेतू केंद्र, ग्रामपंचायत, आयटीआय अशा ठिकाणी ज्यांचा या कामाशी रोजचा संबंध आहे त्यांनी कृपया लिहावं. कोणता कागद, कोणत्या क्रमाने, आणि चूक कुठे होते, एवढंच हवं आहे.

हिशेबनीस

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमापासून (पीएमईजीपी, म्हणजे नव्या उद्योगाला बँकेचं कर्ज आणि सरकारचं अनुदान) सुरुवात करतो, कारण सर्वात जास्त गैरसमज याच योजनेबद्दल आहेत.

अनुदान हातात मिळत नाही. २०२२ च्या सुधारित सूचनांनुसार उत्पादन उद्योगाला ५० लाख आणि सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो. समजा ग्रामीण भागातल्या एका बाईंचा १० लाखांचा मसाला कांडप आणि पॅकिंगचा प्रकल्प आहे. त्यांचा स्वतःचा हिस्सा ५ टक्के, म्हणजे ५० हजार. बँक साडेनऊ लाख मंजूर करते. अनुदान ३५ टक्के, म्हणजे साडेतीन लाख, पण ते त्यांच्याच नावाने बँकेत ३ वर्षांच्या ठेवीत अडकून राहतं. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि कर्जाच्या तेवढ्या भागावर व्याज लागतही नाही. ३ वर्षांनी प्रत्यक्ष पाहणी होते, युनिट चालू दिसलं की ठेव कर्जात वळती होते. मधेच युनिट बंद पडलं तर अनुदान परत जातं. खुल्या प्रवर्गातल्या शहरी पुरुषाचं गणित वेगळं: हिस्सा १० टक्के, अनुदान १५ टक्के.

आता बँकेत फाइल का परत येते ते सांगतो. पहिलं कारण प्रकल्प अहवाल. दुकानातून आणलेला तयार अहवाल शाखाधिकारी पहिल्या पानावरच ओळखतात, कारण त्यात विजेचा भार, कच्च्या मालाचा भाव आणि रोजचं उत्पादन यांचा एकमेकांशी मेळ नसतो. तालुक्यातला मिरचीचा आजचा भाव काय, दिवसाला किती किलो कांडप निघेल, ते घेणार कोण, याची उत्तरं अर्जदाराला तोंडपाठ हवीत. दुसरं कारण कोटेशन. बँक पैसे थेट यंत्र विकणाऱ्याला देते, म्हणून पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक आणि यंत्राचं मॉडेल त्यावर असलंच पाहिजे. तिसरं, जमिनीची किंमत प्रकल्प खर्चात धरता येत नाही. ती धरली की संपूर्ण आकडेमोड पुन्हा करावी लागते.

खेळत्या भांडवलाची अट तर कुणी वाचतच नाही. ३ वर्षांत एकदा तरी बँकेने खेळत्या भांडवलासाठी मंजूर केलेली मर्यादा पूर्ण १०० टक्के वापरलेली असावी लागते, आणि एकूण वापर ७५ टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. त्यामुळे मोठा आकडा दिसावा म्हणून खेळतं भांडवल फुगवू नका.

सेतूवाली

हिशेबनीस यांच्या प्रतिसादाला जोडून. ग्रामीण दराचं अनुदान हवं असेल तर ग्रामीण क्षेत्राचा दाखला लागतो, आणि तो जिथे युनिट उभं राहणार त्या गावचा. राहत्या गावचा दाखला जोडल्यामुळे कितीतरी अर्ज परत येतात. जागा भाड्याची असेल तर भाडेकरारावर युनिटच्या त्याच जागेचा गट क्रमांक हवा.

पती-पत्नी मिळून एकच अर्ज चालतो. उद्योग नवाच लागतो. आधीच दुसऱ्या सरकारी योजनेचं अनुदान घेतलेलं युनिट बाद होतं. राज्याच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातही अर्ज करता येतो, पण एका युनिटला दोन्हीकडचं अनुदान मिळणार नाही.

अर्जाला शुल्क नाही. "फाइल पुढे सरकवतो" म्हणून पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. अशा माणसांमुळे गरीब घरातली मुलं अर्ज करायच्या आधीच कर्जात बुडतात, हे पाहवत नाही.

धागाकर्ता

धन्यवाद दोघांनाही. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत विद्यावेतन अडल्याच्या तक्रारी खूप दिसतात. कारण काय असतं?

सेतूवाली

बहुतेक वेळा आधार. बँक खात्याला आधार "लिंक" असणं आणि थेट लाभासाठी आधार "सीड" असणं (म्हणजे सरकारी पैसे याच खात्यात यावेत अशी नोंद असणं) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी पैसे ज्या खात्यात शेवटी आधार सीड झालं तिथेच जातात, मग अर्जात खातं कोणतंही लिहिलेलं असो. मुलाने मधे मोबाइलवर नवं खातं उघडलं आणि आधारला संमती दिली, की पैसे तिकडे वळतात. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती ओटीपी टाकून दिसते. रुजू व्हायच्या आधी ती बघा. बदलायचं असेल तर हव्या त्या बँकेत सीडिंगचा लेखी अर्ज द्या.

दुसरी गोष्ट हजेरी. ती आस्थापना, म्हणजे जिथे प्रशिक्षण चालू आहे ते कार्यालय किंवा कंपनी, ऑनलाइन भरते. महिन्यात १० दिवस किंवा जास्त गैरहजेरी लागली तर त्या महिन्याचं विद्यावेतन नाही. म्हणून महिनाअखेरीला आपली हजेरी भरली गेली का, हे कार्यालयात स्वतः विचारा. विद्यावेतनाचा महिन्याचा दर असा: बारावीला ६ हजार, आयटीआय किंवा पदविकेला ८ हजार, पदवीला १० हजार. २०२४ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा मुदत ६ महिन्यांची होती, मार्च २०२५ मध्ये ती ११ महिने झाली. हे प्रशिक्षण आहे, कायम नोकरीचा हक्क यातून मिळत नाही. पालकांना हे आधीच स्पष्ट सांगा.

जोडारी

आयटीआयच्या मुलांसाठी थोडक्यात. शिकाऊ उमेदवारीचा करार पोर्टलवर नोंदला गेला आहे का, ते पहिल्याच महिन्यात बघा. नोंद नसेल तर वर्षभर राबूनही राष्ट्रीय प्रमाणपत्राची परीक्षा देता येत नाही. रेल्वेच्या लेव्हल १ (पूर्वीचा गट ड) भरतीत कायद्यानुसार शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांना २० टक्के जागा आहेत. नुसतं कंपनीचं अनुभवपत्र तिथे चालत नाही.

गावकूस

रोजगार हमीचं कोणी लिहिलं नाही. ज्यांच्याकडे ना शिक्षण, ना तारण, त्यांच्यासाठी आजही हाच आधार आहे. वि. स. पागे यांच्या प्रयत्नातून ही कल्पना आधी महाराष्ट्रात रुजली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला.

काम तोंडी मागू नका. ग्रामपंचायतीत मागणीचा लेखी अर्ज द्या, कोणत्या तारखेपासून काम हवं ते लिहा आणि तारखेची पोच घ्या. १५ दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्त्याचा हक्क त्या पोचेवरच उभा राहतो. पोच देत नसतील तर तहसील कार्यालयात अर्ज द्या आणि आवक क्रमांक मागा.

मातीकामाची मजुरी मोजमापावर निघते. माती कठीण किंवा मुरमाड असेल तर मोजमाप घेतानाच तांत्रिक सहायकाला तसं नोंदवायला सांगा, नाहीतर मऊ मातीचा दर लागून दिवसाची मजुरी निम्म्यावर येते. खड्डे बुजल्यावर तक्रार करून उपयोग नाही.

हिशेबनीस

अण्णासाहेब पाटील महामंडळाच्या व्याज परताव्याचं राहिलं. आधी महामंडळाचं पात्रता प्रमाणपत्र काढा, मग बँकेकडून कर्ज मंजूर करून घ्या. क्रम उलटा झाला की दावा अडतो. कर्ज मर्यादा १५ लाख. हप्ता आधी स्वतः भरायचा, मग त्यातलं व्याज परत मिळतं. मुद्दल मिळत नाही. हप्ता थकला तर त्या हप्त्याचा परतावाही गेला, म्हणून पहिले काही हप्ते पुरतील एवढी रक्कम कर्ज उचलायच्या आधी बाजूला ठेवा.