बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्सनंतर क्वांट फायनान्स: बारूक की आयएसआय?

राजारामपुरीकर: शेवटचं वर्ष चालू आहे. क्वांट फायनान्स, म्हणजे गणित-कोड वापरून बाजारातली किंमत नि जोखीम काढायचं काम, करायचंय. त्यासाठी न्यूयॉर्कच्या बारूक कॉलेजला मास्टर्ससाठी अर्ज करू की आयएसआयच्या (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) एम.स्टॅट.ची, म्हणजे स्टॅटिस्टिक्समधल्या मास्टर्सची तयारी? वडील म्हणतात, मार्केट यार्डात गुळाचं दुकान आहेच की!

जुना_क्वांट: भावा, आधी पैशाचं बघ. आयएसआयला ट्यूशन फी नाही, वर स्टायपेंड मिळतो. पण प्रवेश परीक्षा घाम काढते. अमेरिकेत जायचं तर कर्ज आलंच. त्यांच्या प्लेसमेंट रिपोर्टमधल्या सरासरी पगाराला भुलू नकोस. किती मुलांनी माहिती दिली आणि काम ट्रेडिंगचं आहे की रिस्क रिपोर्टिंगचं, ते बघ. तयारीला लिनियर अल्जेब्रा, प्रोबॅबिलिटी, पायथन, सी++. इटो कॅल्क्युलस (शेअरच्या भावासारख्या बेभरवशाच्या चढउतारांचं कॅल्क्युलस) सावकाश. मुलाखतीत असलं विचारतात: सलग दोन छापे पडायला सरासरी 6 वेळा नाणं उडवावं लागतं, छाप्यामागोमाग काटा यायला 4 वेळाच. का?

पंचगंगा_पार: सी++ ची घाई कशाला? रिसर्चला पायथन बास.

जुना_क्वांट: डेरिव्हेटिव्ह प्रायसिंगच्या (ऑप्शनसारख्या करारांची किंमत काढायच्या) डेस्कवर बसून मग बोल.

राजारामपुरीकर: पहिल्यात छाप्यानंतर काटा पडला की सगळं पहिल्यापासून. दुसऱ्यात परत छापा आला तरी अर्धं काम हातात राहतंय. बरोबर?

जुना_क्वांट: नाद खुळा! आता समीकरण मांडून 6 काढून दाखव.