पैलवानांचं कार्टून काढलं, तरी तिसरा नियम डोक्यात शिरेना

नववी_ब
नमस्कार. कोल्हापुरात नववीला विज्ञान शिकवते. 'गतीचे नियम' चालू आहे. न्यूटनचा तिसरा नियम पोरांना तोंडपाठ आहे: एकानं दुसऱ्यावर बल लावलं की दुसराही पहिल्यावर तेवढंच बल उलट दिशेनं लावतो. वर्गातली बरीच पोरं तालमीत जाणारी, म्हणून खासबागेतली कुस्ती काढली. एक थोराड पैलवान, एक काटकुळा, दोघांवर बल दाखवणारे सारख्याच लांबीचे बाण. पोरं जाम खूश. चाचणीत विचारलं, जास्त बल कोण लावतो? बहुतेकांनी लिहिलं, "मोठा". अख्खा रविवार त्या चित्रात गेला होता. चुकलं कुठं?

जुना_मास्तर
बाई, उत्तर तुम्ही चित्रातच देऊन टाकलंत, मग पोरांनी विचार कशाचा करायचा? इंग्लंडमध्ये ब्रेंडा किओ आणि स्टुअर्ट नेलर यांनी १९९१ च्या सुमारास वेगळ्या तऱ्हेची कार्टून्स सुरू केली. तीन-चार मुलं एकाच गोष्टीवर वेगवेगळं बोलतात, बरोबर कोण ते चित्र सांगत नाही. त्यांचं एक गाजलेलं चित्र आहे: बर्फाच्या माणसाला कोट घातला तर तो लवकर वितळेल का? आपल्याकडं बर्फाचा माणूस कुठला! मी रंकाळ्यावरचा गोळेवाला काढायचो, लादीवर गोणपाट टाकणारा. एक पोरगं म्हणतं, "गोणपाटानं ऊब येते, बर्फ लवकर जाणार." दुसरं म्हणतं, "बाहेरची उष्णता आत यायला वेळ लागंल." तिसरं म्हणतं, "काय फरक नाही." चुकीचं वाक्य हुशार दिसणाऱ्याच्या तोंडी घाला. नाहीतर पोरं चेहरा बघून उत्तर देतात.

लाल_माती
मॅडम, मी तालमीत वाढलोय. पोरांची अडचण खरी आहे. बल सारखं, तर मग काटकुळाच मागं का सरकतो? दोन बाण दोन वेगळ्या अंगांवर आहेत, ते एकमेकांना खोडत नाहीत. दोघांना सुटं काढा आणि पायाखालची माती दाखवा. वस्ताद "पाय रोव" म्हणतात ते घर्षणासाठीच. वजनदार गड्याला माती जास्त घर्षण देऊ शकते, म्हणून तो हलत नाही.

नववी_ब
दोघांचेही आभार. आज बाण काढलेच नाहीत. तीन पोरं बोलताना काढली आणि बाण पोरांनाच काढायला लावले. पायाखालचा बाण कुणालाच सुचेना. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "बाई, मोठ्याला ओल्या फरशीवर उभा केला तर?" घंटा झाली तरी वाद मिटला नव्हता. उद्या फळ्यावर ओली फरशी काढणार आहे.