अ‍ॅडॅप्टॅबिलिटीला मराठीत काय म्हणायचं?

पाटीपेन्सिल (नांदेड): नोकरीच्या तयारीतल्या पोरांसाठी एक पुस्तिका मराठीत करायलोय. साहेब बदलला, यंत्र बदललं, गाव बदललं तरी न गडबडता नवं शिकून घेणं, असा तो गुण. मी 'अनुकूलनक्षमता' लिहिलं. वर्गात वाचून दाखवलं तर मागून आवाज, "सर, एसी बसवायचा कोर्स हाय का?" वातानुकूलनानं शब्दच खाऊन टाकलाय. चौकटीत एकच शब्द मावतो. गुरुवारी छपाईला द्यायचंय, सुचवा.

खडूफळा: समायोजन. मानसशास्त्राच्या पुस्तकांत रूढ आहे. अनुकूलन जीवशास्त्राला राहू द्या. निवडुंगाचे काटे, उंटाचे पाय वगैरे.

झेडपी_गुरुजी: रूढ असेल, पण मास्तर लोकांपुढं काढू नका. पटसंख्या घटली की अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन निघतं. ते आपण करत नसतो, आपलं होतं! यादी लागली की आमच्याकडं पहिला प्रश्न, "कुठं फेकलं?"

लातूरकर: कशाला एवढं? सरळ 'जुळवून घेणं' लिहा.

बीडची_लेक: नको. 'जुळवून घे बाई' हे पाठवणीच्या वेळी ऐकलंय. जावयाला कुणी सांगितल्याचं अजून तरी ऐकलं नाही. आमच्या भागातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जोड्या निघतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच अंगावर. मग मुलूख परका, बोली वेगळी, उसाच्या फडाशेजारी कोपी (झोपडी) घालायची, पहाटे मोळ्या बांधायच्या, लेकराची शाळा तिथंच तुटते. त्यांच्याइतकं जुळवून घेणारं कोण आहे? पण त्याला 'गुण' म्हणून छापू नका. दुसरा इलाज नाही म्हणून करतात.

लातूरकर: ताई, पटलं. पण इथं नोकरीचं चाललंय.

बीडची_लेक: तेही कामच आहे, भाऊ.

काळी_जमीन (परभणी): सोसणं निराळं, पालटणं निराळं. पाऊस लांबून जुलैचा पंधरवडा उलटला, तर मूग-उडदाच्या नादी लागायचं नसतं. बियाणं घरात येऊन पडलेलं असतं, पैसे गुंतलेले असतात, तरी हात आवरायचा आणि तूर, बाजरी, सूर्यफुलाकडं वळायचं. कृषी विद्यापीठवाले याला 'आपत्कालीन पीक नियोजन' म्हणतात. आमचा बाप म्हणतो, "पेरा पालटला." त्यात रडगाणं नाही, हिशेब आहे. माझं मत 'पालटता येणं'ला.

खडूफळा: हे दोन शब्द झाले. शिवाय पुस्तिकेला थोडी प्रतिष्ठा हवी. 'लवचीकता' घ्या ना.

ऱ्हस्वदीर्घ: लवचीक, पण लवचिकता. 'ता' लागला की उपान्त्य दीर्घ राहत नाही. आणि मुळात देशी शब्दाला संस्कृत शेपूट लावणंच मला खटकतं.

झेडपी_गुरुजी: माणुसकी, आपुलकी चालते तशी 'लवचिकी' करा मग.

ऱ्हस्वदीर्घ: थट्टा नको. हा शब्द 'लवणे'वरूनच आलाय, लवून चिकटून राहणारा तो लवचीक.

काळी_जमीन: हे आत्ताच जुळवलंत ना?

लाल_कंधारी: आमच्याकडं 'रुळणं' आहे की. बाजारातून बैल आणला की पहिले काही दिवस दावणीला पाय आपटतो, वैरण हुंगून सोडतो, जोडीदाराला शिंग दाखवतो. मग एक दिवस आपणहून जू खाली मान घालतो. "रुळला" म्हणतात. बळजबरी केली तर रुळत नाही, बुजतो. नव्या कामावरच्या पोराचंही तसंच असतंय.

बीडची_लेक: म्हणजे शेवटी जूच.

लातूरकर: 😀 'अ‍ॅडजस्ट' लिहून मोकळे व्हा. एसटीत तिघांच्या सीटवर चौथा बसतो तेव्हा काय म्हणतो?

खडूफळा: हीच वृत्ती मराठी मारते.

जुनं_दफ्तर (छत्रपती संभाजीनगर): मराठी अशानं मरत नसते. आमचे आजोबा निजामाच्या राजवटीत उर्दूत शिकले, उर्दूतच कारकुनी केली. १९४८ला संस्थान भारतात आलं, १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, १९६०ला महाराष्ट्र झाला. कारभार मराठीत आल्यावर पिकल्या वयात बाळबोध गिरवली. ते म्हणायचे, "हात बसायला वेळ लागला, पण बसला." तेव्हा 'हात बसणे'चाही विचार करा. मात्र महसुलातल्या गिरदावराला मंडळ अधिकारी त्यांनी कधीच म्हटलं नाही!

पाटीपेन्सिल: मंडळी, गुरुवार...

काळी_जमीन: गिरदावर अजून चालतो आमच्या गावात. फारसी का हो?

जुनं_दफ्तर: फारसीच. फिरून पाहणी करणारा. जमिनीच्या नोंदीचं खासरा पत्रकही त्याच घरातलं.

ऱ्हस्वदीर्घ: खासरा नव्हे, खसरा. मूळ उच्चार तसा आहे.

झेडपी_गुरुजी: तहसीलला नक्कल मागताना 'खसरा' म्हणून बघा, काय मिळतं ते.