भूमध्य समुद्राकाठच्या पाणंदी आणि मोटरसायकल: तुमचे अनुभव सांगा

मागच्या जूनमध्ये इटलीत सिएनाच्या दक्षिणेला चार दिवस भाड्याची हिमालयन मोटरसायकल घेऊन फिरलो, होईल तितकं डांबर टाळून. तिथे शेताशेतांतून पांढऱ्या खडीचे रस्ते जातात, स्त्रादे बियांके म्हणतात त्यांना, म्हणजे आपली पाणंदच, फक्त ट्रॅक्टर जाईल एवढी रुंद. आशानोजवळचा मोंते सांते मारिएचा तुकडा साडेअकरा किलोमीटरचा आहे, २००७ पासून होणारी मोठी सायकल शर्यत तिथूनच जाते. उतारावर खडी इतकी सैल की पुढचा ब्रेक जरा जास्त दाबला की चाक सरकतं, मी पहिल्या दुपारी आडवा झालोच, लिव्हर वाकला, गुडघा वाचला. पण सांगायचंय ते वेगळंच. एका वळणावर सुरूच्या रांगेमागे घर होतं आणि रस्त्यालगत दोरीवर चादरी वाळत होत्या, मी तिसऱ्या गिअरमध्ये तिथून गेलो आणि आरशात बघतो तर माझा सगळा धुरळा त्या चादरींवर. एक आजी दारात उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. मला इतकं वाईट वाटलं की पुढे कापणीला आलेला गहू, दूरवरचं गाव, काहीच धड दिसेना. दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्याच वाटेने आलो, घराच्या शंभर मीटर आधीच वेग पायी चालल्यासारखा केला, हेल्मेटची काच वर केली आणि मान लववली, तेव्हा त्यांनी हात वर केला.

तर तुम्ही अशा वाटांवर कुठे फिरलात, कोणत्या महिन्यात, आणि शेतातल्या माणसांशी गाठ कशी पडली ते लिहा. गाडीबद्दल लिहिलंत तरी चालेल, पण मला माणसांचं वाचायचंय.

*

मी माद्रिदला असते. डिसेंबरात नवरा आणि मी दोन २५० सीसी गाड्या घेऊन खाएन प्रांतात गेलो होतो. त्या एका प्रांतात ऑलिव्हची सहा कोटींहून जास्त झाडं आहेत, टेकडीवर चढलं की क्षितिजापर्यंत गोधडीवर टाके घातल्यासारख्या रांगाच रांगा. आम्ही गेलो ते नेमके तोडणीचे दिवस. झाडाखाली जाळ्या अंथरतात, कोणी लांब काठीने झोडपतं, कोणी हातातल्या मशीनने फांदी हलवतं, आणि फळांचा सडा पडतो. एका ठिकाणी जाळी थेट वाटेवर आलेली. नवरा बाजूने काढायला निघाला, मी ओरडून थांबवलं, कारण माझ्या माहेरी खळ्यावरून कोणी चप्पल घालून गेलेलं चालायचं नाही, आणि ते खळंच होतं की. इंजिन बंद करून उभे राहिलो. पाचसात मिनिटांनी त्यांनीच जाळी ओढून वाट करून दिली, आणि डबे उघडायची वेळ झाली होती म्हणून आम्हालाही बसवलं. पाव, त्यावर यंदाचं ताजं हिरवं तेल, मीठ. घशाला किंचित तिखट लागतं ते तेल. एवढ्याशा जेवणाने मला घरची इतकी आठवण येईल असं वाटलं नव्हतं.

*

कागदपत्रांबद्दल विचारायचं होतं. भारतातलं लायसन्स तिकडे चालतं का?

*

@कागदपत्रं, इंटरनॅशनल परमिट काढून जा, आपल्याकडे आरटीओतून मिळतं, एक वर्ष चालतं, आणि त्यावर मोटरसायकलचा शिक्का आहे ना ते बघून घ्या. दुसरं म्हणजे भाड्याचा करार नीट वाचा. मी वाचला नव्हता, कच्च्या रस्त्यावर विमा लागू नाही असं आत लिहिलेलं, क्लचचं कव्हर फुटलं आणि सगळे पैसे खिशातून गेले.

आता अनुभव. मी मूळचा लातूरकडचा, आम्ही पांदण म्हणतो. वरती सिएनाच्या ज्या भागाचं वर्णन आहे तिथे मी पावसानंतर गेलो होतो आणि ती राखाडी चिकणमाती बघून मला आमची रेगडीच आठवली, तशीच चाकाला लिंपत जाते, मडगार्डमध्ये भरते आणि चाक फिरायचंच थांबतं. काटकीने माती उकरत बसलो तर ट्रॅक्टरवरचा शेतकरी उतरला, एक अक्षर न बोलता माझ्याबरोबर उकरायला लागला, मग खुणेने सांगितलं, उन्हात दोन तास थांब. थांबलो. ऊन पडल्यावर तोच रस्ता कडक झाला.

*

ग्रीसच्या क्रीट बेटाबद्दल लिहितो, मे महिना. अनोगियातून निदा पठारापर्यंत डांबर आहे, साधारण १४०० मीटर उंची, समोर इडा पर्वत, माथ्यावर तेव्हाही बर्फ. पुढे कच्चा रस्ता, धारदार दगड, टायरमधली हवा थोडी कमी केली तर गाडी कमी उडते पण रिम ठोकायची भीती, त्यामुळे फार कमी करू नका. तिथे मेंढपाळांची दगडी घुमटासारखी घरं आहेत, चुना नाही सिमेंट नाही, नुसते दगड रचलेले, त्यात पूर्वी चीज करायचे. वाटेत तारेची फाटकं लागतात. उघडं असेल तर उघडं ठेवायचं, बंद असेल तर मागे वळून बंद करायचं, त्यावर त्यांची मेंढरं अवलंबून असतात. मी एक फाटक लावत होतो, तार नीट अडकेना, तेवढ्यात वरून मेंढपाळ येताना दिसला, मला वाटलं आता ऐकावं लागणार. त्याने तार अडकवायची पद्धत दोनदा करून दाखवली, मग माझ्याकडून करून घेतली, आणि राकीची बाटली काढली. गाडी चालवायची होती म्हणून छातीवर हात ठेवून नाही म्हटलं, तर त्याने चीजचा तुकडा कागदात बांधून दिला.

*

खाएनचं वाचून जावंसं वाटतंय, ऑगस्टमध्ये सुट्टी आहे, जमेल का?

*

ऑगस्ट नको. ऊन चाळिशीपार जातं आणि वणव्याच्या भीतीने जंगलातल्या वाटांवर गाड्यांना बंदी असते. मार्च-एप्रिलमध्ये या, गवत हिरवं असतं. आणि काळ्यापांढऱ्या तिरक्या रंगाची छोटी पाटी दिसली तर ते शिकारीचं राखीव रान, तिथे वाट सोडून आत शिरू नका. तोडणी बघायची असेल तर मात्र डिसेंबरच, तेव्हा सोबत हातमोज्यांची जास्तीची जोडी घ्या, सकाळी फार गारठतं.