विषय: एप्रिलमध्ये येणारे आई-बाबा आणि सोमवार ते शुक्रवार

नमस्कार मंडळी,

माझे आई-बाबा एप्रिलच्या सुरुवातीला साताऱ्याहून इथे न्यू जर्सीला येत आहेत, सप्टेंबरपर्यंत राहतील. आम्ही दोघंही नोकरीला, मुलं शाळेत. शनिवार-रविवारी फिरवूच, पण बाकीचे पाच दिवस दोघं टीव्हीसमोर बसून राहतील याची धास्ती वाटते. बाबांचे गुडघे दुखतात, सपाट रस्त्यावर मात्र दीड-दोन किलोमीटर चालतात. आईला स्वस्थ बसवत नाही. त्यांचं त्यांना काय करता येईल?

– पिस्कॅटवेहून

*

अगं, त्यांना शनिवारची वाट बघायला लावू नकोस, एवढंच कळकळीने सांगते. आपण त्यांना गाडीत घालून नेतो-आणतो आणि ती बिचारी पार्सलासारखी मागच्या सीटवर बसतात. साताऱ्यात एसटीने एकटी फिरणारी माणसं आहेत ती. इथली ट्रेन त्यांना नक्की जमेल.

पहिलं ठिकाण नेवार्कचं ब्रांच ब्रूक पार्क. चेरीची 5,000 हून जास्त झाडं आहेत, वॉशिंग्टनपेक्षाही जास्त. 1927 मध्ये कॅरोलाइन बॅम्बर्गर फुल्ड या बाईंनी पहिली 2,000 झाडं दिली. प्रिन्स्टनच्या ज्या संस्थेत पुढे आइनस्टाइन होते, ती याच बाईंनी आणि त्यांच्या भावाने काढलेली. बाबांना हे सांग, त्यांना आवडेल.

एडिसनहून ट्रेनने नेवार्क पेन स्टेशन, तिथून लाइट रेल (शहरातली छोटी ट्रेन), उतरायचं ब्रांच ब्रूक पार्क स्टेशनला. 62 वर्षांवरच्यांना एनजे ट्रान्झिटचं, म्हणजे इथल्या सरकारी ट्रेन-बसचं, तिकीट निम्म्यात पडतं, वयाचा पुरावा जवळ ठेवायचा. पहिल्या वेळी तू रजा काढून बरोबर जा, तिकिटाचं मशीन बाबांनाच चालवू दे. बहर साधारण एप्रिलच्या मध्याला असतो, पण थंडीनुसार मागेपुढे होतो. आधी फिकट, एकेरी पाकळ्यांची झाडं फुलतात, ती गळायला लागली की गडद गुलाबी, गच्च भरलेली दुहेरी फुलं येतात. म्हणून एकदा जाऊन थांबू नका, पंधरा दिवसांनी पुन्हा जा. आपल्या पळसासारखंच, कित्येक झाडांवर पानांच्या आधी फुलं! आई खाली उभी राहून वर बघतच राहील. शनिवार-रविवारी तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही, मधल्या वारी बाकं रिकामी असतात. ऊन बघून फसू नका, वारा बोचरा असतो, कानटोपी हवीच.

मेच्या मध्यापासून अपर माँटक्लेअरची प्रेस्बी आयरिस गार्डन्स, आयरिसच्या फुलांची बाग. तिथे थोडा उतार आहे, गुडघे बघून ठरवा.

– एडिसनची काकू

*

काकूंच्या म्हणण्याला जोड देतो. आईंना माती द्या. कोथिंबीर आणि मेथी एप्रिलच्या मध्याला पेरली तरी चालते, त्यांना गारवा मानवतो. मिरची, टोमॅटो, भेंडी, दोडका मात्र मेच्या मध्याआधी बाहेर लावू नका, एका रात्रीच्या गोठलेल्या दहिवराने रोपं काळी पडतात. तोपर्यंत मिरचीची रोपं खिडकीत वाढवा. वाकायला नको म्हणून पाच गॅलनच्या बादल्यांना तळाशी भोकं पाडायची आणि त्या बाकावर ठेवायच्या. बाबा स्टुलावर बसून सगळं करू शकतात.

एक गोष्ट मनावर घ्या. गवतात, झुडपांत गोचिड्या असतात आणि त्यांच्यापासून लाइम रोग होतो. फिकट रंगाची पूर्ण पँट, पायमोजे त्यावर ओढलेले. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत बघायचं. चावलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, काडी लावायची नाही, तेलही नाही. नंतर गोल चट्टा उठला किंवा ताप आला तर लगेच डॉक्टर. ज्यांना परागकणांचा त्रास आहे त्यांनी बर्च-ओकची झाडं फुलताना सकाळी खिडक्या बंद ठेवाव्यात.

– हिल्सबरोहून

*

आणि चैत्रगौर? आईंना इथे पाहुणी करून ठेवू नका, यजमान करा. अक्षय्य तृतीयेपर्यंत कधीही हळदीकुंकू करता येतं. देशी दुकानात कैरी मिळते, डाळ आदल्या रात्री भिजवायची, पन्हं करायचं. मुलांचे जाड खडू असतात ना, त्यांनी आईंना ड्राइव्हवेवर चैत्रांगण काढायला सांगा. गोपद्मं, पाळणा, कासव, तुळशीवृंदावन, सूर्य-चंद्र. आमच्याकडे सासूबाई काढत होत्या तेव्हा शेजारची गोरी आजी काठी टेकत आली आणि कासवाकडे बोट दाखवून विचारू लागली. एकमेकींची भाषा दोघींना येत नव्हती, पण शेवटचं गोपद्म तिने काढलं.

मला बोलवा, डाळ मी आणते.

– साउथ ब्रन्सविकहून

*

सगळ्यांचे मनापासून आभार. बहराच्या आठवड्यातल्या बुधवारी सकाळी एडिसन स्टेशनवर जमूया. ज्यांचे आई-वडील इथे आहेत त्यांनी त्यांना पाठवा, पहिल्या दिवशी मी बरोबर आहे. काकू, तुम्ही याल ना? आईला तुमच्याशी बोलायचं आहे. हळदीकुंकू माझ्याच घरी, तारीख आई आल्यावर ठरवेल.

– पिस्कॅटवेहून