विषय: आईबाबा ऑगस्टमध्ये नागपूरहून येताहेत, डांग्या खोकल्याची लस

धरमपेठ, सध्या एडिसन:

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरात इथे अमेरिकेत आमच्याकडे बाळ येणार आहे. आईबाबा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात नागपूरहून निघतील. इथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय की बाळाला हाताळणाऱ्या सगळ्यांनी टीडॅप, म्हणजे डांग्या खोकल्याची लस, घेतलेली हवी, तीही बाळाजवळ येण्याच्या निदान दोन आठवडे आधी. आई तयार आहे. बाबा म्हणून राहिले, "मागच्या वर्षी गेटचा पत्रा लागला तेव्हा टीटी घेतलं ना? आता पुन्हा काहून?" फोनवर समजावून थकले मी. कोणाच्या आईबाबांनी नागपुरात ही लस घेतली आहे का? कशी मिळाली?

महाल, सध्या शिकागो:

ताई, अभिनंदन! पण एक बोलू का? आपण सगळे महाल-इतवारीच्या वाड्यांत वीस-वीस माणसांत वाढलो. आजी खोकली म्हणून तिला कोणी दाराबाहेर नाही बसवलं. सत्तरीच्या माणसाला आधी सुई आणि मग नात, हे मला तरी जड जातं. बाबांच्या मनाला ते लागलं असेल, तेही बघा. आणि येताना सांबारवडी मागवाच.

रामदासपेठ, सध्या ऑस्टिन:

काका, वाड्यात वाढलेले आपण आज मेल लिहितोय. जी पोरं वाढली नाहीत, ती लिहीत नाहीत. बालरोगाची डॉक्टर म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

मोठ्या माणसाला डांग्या खोकला झाला तरी बरेचदा कळतच नाही. काही आठवडे ढास लागते, रात्री जास्त, आणि घरचे म्हणतात हवा बदलली. लहानपणी घेतलेल्या लशीचा किंवा होऊन गेलेल्या आजाराचा जोर सत्तरीपर्यंत टिकत नाही. तान्ह्या बाळाचं मात्र वेगळं. त्याला खोकल्यानंतर श्वास ओढतानाचा तो ओळखीचा 'हूप' आवाज येईलच असं नाही. काही बाळं खोकतसुद्धा नाहीत, श्वासच थांबतो आणि निळी पडतात. वर्षाच्या आतल्या ज्या बाळांना हा आजार होतो, त्यांच्यातल्या साधारण तिघांपैकी एकाला दवाखान्यात ठेवावं लागतं. आणि बाळाची स्वतःची पहिली लस इथे दोन महिने भरल्यावर, भारतात सहाव्या आठवड्यात. तोवर त्याच्याकडे स्वतःचं काही नसतं.

म्हणून ताई, सगळ्यात मोलाची लस बाबांची नाही, तुमची. २७ ते ३६ आठवड्यांच्या मध्ये घ्या. आधीच्या गरोदरपणात घेतली असली तरी पुन्हा. प्रतिपिंडं नाळेतून बाळाला मिळतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळांमधला सुमारे ७८ टक्के डांग्या खोकला एवढ्याने टळतो.

आजी-आजोबांची लस हे बाहेरचं कुंपण. ती घेतली की त्यांच्याकडून जंतू जाणारच नाही, असं मी लिहिणार नाही. घेणाऱ्याला आजारी पडू न देण्याकडे या लशीचा जोर जास्त आहे. म्हणून लस घेतली असली तरी खोकला सुरू झाला की बाळ मांडीवर घ्यायचं नाही.

बाबांना टीटीचं असं सांगा: टीटीत फक्त धनुर्वात. टीडीत धनुर्वात आणि घटसर्प. डांग्या खोकला टीडॅपमध्येच. गेटच्या पत्र्याचा हिशोब वेगळा, नातवंडाचा वेगळा.

मानेवाडा, सध्या डॅलस:

विषय थोडा सोडून विचारतो. डिसेंबरात लग्नासाठी नागपूरला जाणार आहोत, तेव्हा मुलगी आठ महिन्यांची असेल. गोवराची लस तर इथे वर्षानंतर देतात ना?

रामदासपेठ, सध्या ऑस्टिन:

प्रवास परदेशी असेल तर ६ ते ११ महिन्यांत एक एमएमआर (हीच ती गोवराची लस) आधीच देतात. निघण्याच्या दोन आठवडे आधी द्या. ती नेहमीच्या दोन डोसांत मोजत नाहीत, पुढचे दोन्ही घ्यावेच लागतात. गोवराचा रुग्ण खोलीतून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो, आणि लग्नाचा हॉल म्हणजे तुम्हाला माहीतच आहे.

त्रिमूर्तीनगर, नागपूर (आधी डेट्रॉइट):

मंडळी, मी इथूनच लिहितो. सकाळी अंबाझरीला फिरणाऱ्या आमच्या टोळीत निम्म्यांची पोरं बाहेर आहेत, त्यामुळे तर्री-पोह्याच्या ठेल्यावर हा विषय दर उन्हाळ्यात निघतो. समजावून कोणी ऐकत नाही. सोय करून दिली की ऐकतात.

पहिली गोष्ट, बाबांना "औषधाच्या दुकानातून घेऊन या" असं सांगू नका. ही लस २ ते ८ अंशांत ठेवायची असते. जूनच्या नागपुरात स्कूटरच्या डिकीत पंधरा मिनिटं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. काही हुशार लोक मग बर्फाच्या पिशवीत गुंडाळून आणतात, तेही वाईट. गोठली की ही लस बाद. ज्या दवाखान्यात लशीचा वेगळा फ्रिज आहे, तिथे आधी फोन करून मागवायची आणि तिथेच टोचून घ्यायची. बालरोगतज्ज्ञांकडे हटकून मिळते. मोठ्या माणसाला तिथे बसायला लाज वाटते, भिंतीवर छोटा भीम असतो, पण नाइलाज. टीटीपेक्षा बरीच महाग आहे, हेही आधीच सांगा, नाहीतर काउंटरवर पुन्हा वाद.

दुसरं, बाबांना डॉक्टरकीतलं काही सांगू नका. ताई, तुमच्या आई नगरपालिकेच्या शाळेत होत्या ना? पोलिओच्या रविवारी त्यांनी बूथ सांभाळला असेलच. निळा डबा, आत बर्फाच्या पट्ट्या, पोरांच्या डाव्या करंगळीला शाई. बाटलीवरच्या उष्णतेच्या खुणेतला आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला की बाटली फेकायची, हे त्या आजही डोळे मिटून सांगतील. १९९५ पासून बूथ सांभाळून आणि पुढे दारोदार फिरून या मास्तरांनी आणि अंगणवाडीच्या बायकांनी काम केलं, तेव्हा कुठे १३ जानेवारी २०११ नंतर देशात मूळच्या, नैसर्गिक पोलिओ विषाणूचा एकही रुग्ण निघाला नाही. मोमीनपुऱ्यापासून सक्करदऱ्यापर्यंत लोकांच्या पोरांना थेंब पाजलेल्या बाईच्या नवऱ्याने स्वतःचा दंड पुढे करू नये म्हणजे कमालच झाली! हे मात्र आईंनाच बोलू द्या, तुम्ही नको.

महालच्या काकांचा मुद्दा मला पटतो, माणूस दुखावतो. "तुम्ही घेतली नाही तर बाळ देणार नाही" असं कोणी म्हणू नये. तारीख ठरवा, रिक्षा बोलवा, मोकळे व्हा. टोळीतले आणखी तिघं जुलैत निघून राहिले. दवाखान्याला एकत्र सांगितलं तर मागवायला सोपं जातं. ज्यांचे आईबाबा येणार आहेत त्यांनी मला वेगळं कळवा, फोन नंबर लिस्टवर टाकू नका. आणि पावतीबरोबर लशीचं नाव, बॅच नंबर, तारीख लिहून घ्या. हँडबॅगेत ठेवायला सांगा.

धरमपेठ, सध्या एडिसन:

काका, आईला तुमची मेल वाचून दाखवली. रात्री तिचाच फोन आला, बाबा येतो म्हणाले. पण दोघांचं एकाच दिवशी नको, दोघांचेही हात दुखले तर लोणच्याच्या कैऱ्या कोण फोडेल, अशी त्यांची अट आहे. आई सोमवारी, बाबा गुरुवारी. डॉक्टर, ताप येतो का हो?

रामदासपेठ, सध्या ऑस्टिन:

हात दोन दिवस ठणकेल, कोणाला थोडी कसकस. लागलीच तर पॅरासिटामॉल. कैऱ्या शुक्रवारनंतर ठेवा.